पहिलं विरजण

"…ते कळलं बाबा. आजचं दही कालच्या दह्यानं लागलं, कालचं परवाच्या. पण असं मागं मागं जात राहिलं, तर पहिलं दही कशानं लागलं?"

सोमगीर बाबा भाकरीचा तुकडा चावत होते. दात थोडेच उरले होते, त्यामुळे त्यांच्या जेवणाला वेळ लागे आणि उत्तरांनाही.

"मी इथं आलो तेव्हा गाडगं भरलेलं होतं," ते म्हणाले.

हे काही उत्तर नव्हे, असं नरहरला वाटलं. पण तो गालातल्या गालात हसला, कारण उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. विचारण्याआधीच ज्याच्याकडे उत्तर असतं असा शिष्य दिसायला मोठा नम्र असतो, आणि डोकं मात्र फार खातो.

नरहर चोवीस वर्षांचा होता. गोदेकाठच्या पाठशाळेत त्यानं आठ वर्षं न्यायशास्त्र घोकलं होतं. तिथं वादात त्याच्यासमोर टिकेल असा कोणी उरला नव्हता, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. त्यानं ईश्वर सिद्ध केला होता.

सिद्धता अशी. जगातली कोणतीही वस्तू घ्या. हा दगड, ती गाय, आपण स्वतः. आहे खरी, पण नसती तरी काही अडलं नसतं. जे असं असूही शकतं आणि नसूही शकतं, ते दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं असतं. आता सगळंच्या सगळं जर असं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारं असेल, तर मुळात काही असायलाच नको होतं. पण काहीतरी तर आहे. म्हणजे एक असं असलंच पाहिजे, की जे नसूच शकत नाही. तोच ईश्वर.

पाठशाळेतल्या गुरुजींनी हे डोळे मिटून ऐकलं होतं आणि विचारलं होतं, "उदाहरण?"

शास्त्राचा तसा नियमच आहे. नुसतं अनुमान चालत नाही, डोळ्यांना दिसेल असं उदाहरण जोडावं लागतं. जिथं धूर तिथं विस्तव, जसं की स्वयंपाकघर. उदाहरण खोटं निघालं की अनुमान लंगडं झालं.

"धुराला स्वयंपाकघर आहे," गुरुजी म्हणाले होते. "तुझ्या ईश्वराचं स्वयंपाकघर कुठं?"

नरहर आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. जगात जे जे दिसतं ते सगळं नसूही शकणारं. नसूच न शकणारं दाखवायचं कुठून?

माघी पौर्णिमेला संगमावर पंडितांची सभा होती. उदाहरण मिळालं तर तिथं उभा राहा, नाही मिळालं तर आणखी चार वर्षं खाली बसून ऐक, असं गुरुजींनी सांगितलं आणि त्याला घाटमाथ्यावर सोमगीर बाबांकडे पाठवलं. बाबा काही शिकवत नाहीत, हेही सांगितलं. मग पाठवता कशाला, असं नरहरच्या ओठांवर आलं होतं, पण चार वर्षांच्या भीतीनं ते त्यानं गिळलं.

बाबांच्या मठाला पंचक्रोशीत विरजणाचा मठ म्हणत.

मठ स्थापणाऱ्या मूळबाबांनी म्हणे एका संध्याकाळी नुसतं कोमट दूध झाकून ठेवलं होतं. त्यात कसलाही थेंब घातला नव्हता. सकाळी गाडग्यात दही लागलेलं. स्वयंभू दही. त्याचंच विरजण दोनशे वर्षं एकाही दिवसाचा खंड न पडता चालत आलं होतं. गावातली मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत मठातल्या विरजणाचं बोळकं जाई. कोणाच्या घरचं विरजण सरलं तर तो वाटी घेऊन मठाची पायरी चढे.

सगळ्यात शेवटी आलेल्या शिष्यानं रोज संध्याकाळी दुधाला विरजण लावायचं आणि सकाळी ताक घुसळायचं, ही मठाची रीत. नियम एकच होता. गाडग्यात रवी घालण्याआधी पळीभर दही दगडी वाटीत काढून ठेवायचं. तेच संध्याकाळचं विरजण.

नरहरनं पहिले चार दिवस हे काम नाक मुरडून केलं. पाचव्या दिवशी दूध ढवळता ढवळता त्याचा हात थबकला.

प्रत्येक दही आदल्या दह्याच्या आधारानं. आणि सगळ्यांच्या मुळाशी एक दही, कोणाच्याच आधाराविना, आपलं आपण लागलेलं…

त्याला हसूच फुटलं. सगळ्या शास्त्रांत धुंडाळलं, आणि उदाहरण चुलीशेजारी सापडलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

त्यानं ते गावात पारावर बसून सांगितलं. लोकांना अनुमानाचं ओ की ठो कळलं नाही, पण आपलं दही पंडितांच्या सभेत जाणार एवढं कळलं, आणि तेवढ्यानं म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडजी नावाच्या आजोबांनी तर त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. नरहरनं ते ठेवू दिलं.

बाबांना त्यानं सगळं तीन वेळा ऐकवलं. तिन्ही वेळा ते "हं" म्हणाले. बाबांचं "हं" होकारात धरायचं की नकारात, हे गावाला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. नरहरनं ते होकारात धरलं.

निघायला दोन दिवस राहिले होते, तेव्हा ते घडलं.

जत्रेहून परतणारी दहा-बारा माणसं सकाळी मठात टेकली. त्यांच्यात मल्हारी नावाचा एक कासार होता. नरहर ताक घुसळत होता आणि अर्थातच ईश्वर सिद्ध करत होता. कासारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, की शास्त्रीबुवा, तुमचा देव नसूच शकत नाही म्हणता, पण आमच्या घरी तो कधी फिरकला नाही, तरी बायका बांगड्या भरतातच की. लोक हसले. नरहरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो रवी घुसळत भांडला, ताक वाढत भांडला, आणि शेवटी कासाराला हात जोडायला लावूनच थांबला. दह्यामागं इतका नीट विचार आजवर कोणी केला नव्हता, हे कासारानंही कबूल केलं.

पाहुणे ताकाचा थेंब न थेंब पिऊन गेले. नरहर खुशीत होता. त्याला सोवळ्याओवळ्याचं आणि स्वच्छतेचं भारी वेड. त्यानं गाडगं, रवी, पळी, सगळं राखेनं घासलं आणि वर कढत पाणी ओतलं. दगडी वाटीही घासली. इतकी लख्ख, की आतली दगडाची शीर दिसू लागली.

संध्याकाळी दूध कोमट झालं. त्यानं वाटीकडे हात नेला.

वाटी लख्खच होती.

सकाळी रवी घालताना तो कासाराशी भांडत होता. वाटीत काही काढलंच नव्हतं…

त्यानं गाडग्यात बोट फिरवलं, रवीचे दाते हुंगले, पळी उजेडात धरली. राखेच्या वासाशिवाय कुठं काही नव्हतं. दोनशे वर्षं गोसाव्यांनी, अडाण्यांनी, आंधळ्या म्हाताऱ्यांनी सांभाळलेली गोष्ट एका न्यायशास्त्र्यानं घासून काढली होती.

बाबांना सांगावं म्हणून तो उठला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

पहिलं दही आपोआप लागलं होतं ना? मग हे का लागू नये?

विचार मोठा रास्त होता. त्यात भीती किती आणि जिज्ञासा किती, हे त्यानं तपासलं नाही. पण जिज्ञासाही खरीच होती. जे पुस्तकात सिद्ध केलं ते गाडग्यात कसं घडतं, हे बघायला तो आतुर झाला होता. त्यानं दूध झाकलं, भोवती गोणपाट गुंडाळलं, हात जोडले आणि मनापासून प्रार्थना केली. देव सिद्ध केल्यापासून ही त्याची पहिलीच प्रार्थना होती.

सकाळी त्यानं झाकण काढलं. वर पिवळट पाणी, खाली चोथा, आणि वास असा की मठातलं मांजरही आल्या पावली परत गेलं.

दूध नासलं होतं.

त्यानं ते गुपचूप परड्यात ओतलं. दुपारी बाबांच्या ताटात भाकरी होती, लसणाची चटणी होती, ताक नव्हतं. बाबांनी भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली. ताक कुठंय म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर नरहरनं सगळं भडाभडा सांगून टाकलं असतं. न विचारणाऱ्या माणसासमोर कबुली द्यायची म्हणजे पहिला शब्द आपणच काढायचा, आणि तो काही त्याच्यानं निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. गाव निरोपाला जमणार होतं. निघणाऱ्याच्या तळहातावर बाबा मठाचं दही ठेवत, ते चाटून तो पायरी उतरे. दही नाही म्हटल्यावर सगळं उघडं पडणार होतं. संगमावरची सभा गेली, वर चार वर्षं बोडक्यावर बसली.

दिवेलागणीला तो दगडी वाटी उपरण्याखाली धरून टेकडी उतरला. गावात जायची सोय नव्हती. गावाबाहेर माळावर धनगरांचा वाडा होता, तिथं येसाबाई नावाची म्हातारी दोन म्हशी राखून राहत असे. ती कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो तिच्या अंगणात उभा राहिला आणि हवापाण्याचं बोलू लागला. म्हशींची चौकशी केली. नातवंडांची केली.

येसाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतासा शास्त्रीबुवा?" ती म्हणाली. "काढा वाटी. विरजान सरलं न्हवं?"

नरहरच्या हातातली वाटी आपोआप बाहेर आली. तिला कसं कळलं, असं त्यानं चाचरत विचारलं.

मठातलं माणूस या वक्ताला माळावर दुसऱ्या कशापायी येतं, असं ती म्हणाली. सोमगीर बाबा स्वतः दोन डाव येऊन गेले होते. त्यांचे गुरूही एकदा आले होते, पण ते तिच्या सासूच्या वेळी. सासूनं मरताना तिला एवढंच बजावलं होतं, की मठातलं कोणी आलं तर द्यायचं आणि बोलायचं नाही.

नरहर मटकन खाटेवर बसला.

"म्हणजे मठातलं विरजण… तुमचं?"

"आमचं कसलं? माझी सासू लगीन होऊन आली, तवा मठातनंच बोळक्यात घिऊन आली हुती."

"आणि मठात त्याच्या आधी?"

"कुनीतरी दिलं आसंल की."

"आणि मूळबाबांचं? ते तर आपोआप लागलं होतं."

येसाबाई हसली. तिच्याकडं वेगळं सांगत. त्यो साधू थंडीत कुडकुडत त्यांच्याच वाड्यावर आला आणि वाटी भरून घेऊन गेला, असं तिचा आजेसासरा सांगायचा. पण आजेसासरा बाजारात वाघ पाहिल्याचंही सांगायचा, तेव्हा त्याचं काय खरं धरायचं.

मठाला वाड्यानं दिलं, वाड्याला मठानं दिलं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि मुळाशी आपल्या पायांवर उभं असं काही हातालाच लागेना. सकाळचं नासलेलं दूध नरहरच्या डोळ्यांसमोर आलं. उदाहरण गेलं होतं. तरी हे कुठवर मागं जातं, हे कळावं असं त्याला वाटतच राहिलं. तो आणखी दहा प्रश्न विचारत बसला असता.

येसाबाईनं वाटी घेतली आणि ती आत निघाली. उंबऱ्यात तिनं कोनाड्यातल्या दिव्याकडे पाहिलं.

"दिवा लागल्यावर दही-विरजान घराभाईर देऊ न्हाई म्हन्त्यात."

नरहर उठून उभा राहिला. मान खाली घालून तो निघणार, तोच ती भरलेली वाटी घेऊन बाहेर आली.

"म्हन्त्यात," ती म्हणाली, आणि वाटी त्याच्या हातात दिली.

त्या विरजणानं दही झकास लागलं. सकाळी गाडग्यावर जाड साय होती. सुरी फिरवावी असं घट्ट दही. नरहर त्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. हे मठाचंच दही होतं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. येसाबाई बोलणारी नव्हती, बाबा विचारणारे नव्हते. आणि सभेतले पंडित काही घाटमाथ्यावर येऊन गाडगी हुंगणार नव्हते.

मठाच्या अंगणात गाव जमलं. धोंडजी आजोबा पुढं बसले होते. मागं, दाराशी, येसाबाईही येऊन उभी होती.

बाबांनी नरहरच्या तळहातावर पळीभर दही ठेवलं.

हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. थंडगार दही बोटांच्या फटींतून मनगटावर उतरू लागलं.

"हे मूळबाबांचं दही नाही," नरहर म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला, की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग सगळंच सांगितलं. कासार, राख, कढत पाणी, नासलेलं दूध, उपरण्याखालची वाटी. येसाबाईनं दिवा लागल्यावरही दिलं, हे सांगितलं. बाबा दोनदा वाड्यावर येऊन गेल्याचं त्यानं सांगितलं नाही. ते सांगणं त्याचं नव्हतं. पारावर तुम्हाला जे ठासून सांगितलं ते मला माहीत नव्हतं, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. त्याला मनापासून लाज वाटत होती.



"मग आमच्या घरचं ते काय म्हनायचं?" शेवटी धोंडजी आजोबांनी विचारलं. त्यांच्या तिन्ही लेकी ते बोळकं घेऊन सासरी गेल्या होत्या.

नरहरनं बाबांकडे पाहिलं.

बाबांनी पळी खाली ठेवली.

"माझ्या हातून दोनदा सरलं," ते म्हणाले. "मी सांगितलं नाही."

येसाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. धोंडजी आजोबा कधी बाबांकडे बघत, कधी तिच्याकडे. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते थोडे सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.



"मग माझ्याजवळ काही उरलं नाही, बाबा," नरहर म्हणाला. "जिथं हात लावावा तिथं नसूही शकणारंच निघतं. आता सभेत काय दाखवू? जे नसूच शकत नाही, ते आहे तरी कुठं?"

पायरीला हात टेकत बाबा खाली उतरले. त्यांचे गुडघे वाजले. नरहरला वाटलं, हात पुसायला फडकं देत असतील.

बाबा वाकले, आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

नरहर चटका बसावा तसा मागं सरला.

"बाबा, हे काय… नमस्कार देवाला करायचा."

बाबा तिथंच जमिनीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"तुला सांगायलाच हवं होतं, असं कुठं होतं रे? तरी सांगितलंस."